रीडला बुरशी का आली आणि त्या दिवशी मी नेमकं काय म्हणालो

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्हाला आणि तुमच्या मुलीला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. मुलगी हौसेने क्लॅरिनेट शिकतेय आणि डबी उघडली तर रीड्सवर, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवायच्या पातळ पट्ट्यांवर, हिरवट-काळी लव. कुणालाही राग येईल. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे.

पण तुम्ही लिहिलंय, "बुरशी आलेला जुना माल खपवला आणि वर माझ्या मुलीलाच अस्वच्छ म्हणाले." मालाबद्दलचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. दुसऱ्या वाक्याने मात्र मला रात्रभर झोप लागली नाही. इतकी वर्षं लहान मुलांच्या हातात पहिलं वाद्य देत आलोय. एखाद्या मुलीला मी असं म्हणालो, हे इथे वाचून उद्या दुसरे पालक मुलांना घेऊन दुकानात यायला कचरतील. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

तुम्ही नेलेल्या बॉक्समध्ये १० रीड्स होत्या आणि प्रत्येक रीड आपापल्या पाकिटात बंद होती. तुम्ही बॉक्स परत आणलात तेव्हा ४ पाकिटं फोडलेली होती, ६ तशीच होती. बुरशी होती ती वाजवलेल्या रीड्सवर. उरलेल्यांपैकी २ पाकिटं मी तुमच्यासमोर काउंटरवर फोडली. दोन्ही रीड्स कोरड्या आणि स्वच्छ निघाल्या, वास नाही, डाग नाही. माल मुळातच खराब असता तर तो फक्त वाजवलेल्याच रीड्सवर कसा दिसला असता? रिव्ह्यूत हे आलेलं नाही.

तुम्ही टाकलेल्या तिसऱ्या फोटोबद्दलही सांगतो, कारण तो बघून इतर लोकही घाबरतील. त्यात रीडच्या सालीवर तपकिरी ठिपके दिसतात. ती बुरशी नाही. रीड बनते ॲरुंडो डोनॅक्स नावाच्या, बोरूसारख्या उंच गवतापासून. दक्षिण फ्रान्समधला वार हा भाग त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या गवताच्या सालीवर असे ठिपके आणि पट्टे निसर्गतःच असतात. बोट फिरवलं तर साल गुळगुळीत लागते, पुसून ठिपका जात नाही, वासही नसतो. बुरशी वर उगवलेली असते, लवीसारखी दिसते, तिला कोंदट वास असतो आणि ती बहुधा तासलेल्या भागावर किंवा खालच्या सपाट बाजूला धरते. तुमच्या पहिल्या दोन फोटोंत आहे ती खरीच बुरशी, ते मी तेव्हाही मान्य केलं आणि आताही करतो. कधीकधी टोकाजवळ पांढरट कोरडा थर दिसतो. तो बहुतेक वेळा लाळेतल्या क्षारांचा असतो. तुमच्या फोटोत तो नाही, पण ओघात सांगून ठेवलं.

आता त्या दिवसाचं बोलणं. मी तुमच्या मुलीला विचारलं होतं, "बाळा, वाजवायच्या आधी काही खाल्लं असलं तर चूळ भरतेस का?" एवढंच. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, पन्नाशीच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांनासुद्धा. रीड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असते. वाजवताना लाळ त्या नळ्यांत शिरते, लाळेबरोबर खाल्ल्या-प्यायल्याची साखर आणि अन्नाचा अंशही आत जातो. बुरशीला ओलावा लागतो, खाद्य लागतं आणि खेळती हवा नसलेली जागा लागते. दात कितीही नीट घासले तरी लाळ ही लाळच. यात अस्वच्छतेचा प्रश्नच येत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना ओली रीड माउथपीसवर (वाद्याच्या तोंडात धरायच्या भागावर) तशीच ठेवून वाद्याची पेटी बंद करायचो. एकदा दोन आठवडे सराव बुडाला. पेटी उघडली तेव्हा रीडच काय, माउथपीसच्या आतही काळं धरलं होतं. माझ्या गुरुजींनी एक शब्द न बोलता ती रीड केराच्या डब्यात टाकली आणि माउथपीस धुवायला माझ्या हातात दिला. तेव्हाची शरम अजून आठवते. ती शरम मी दुसऱ्याच्या लेकराला मुद्दाम कशाला देईन?

पुढे मी विचारलं, "हिला खोकला वगैरे नाही ना?" तुम्ही लिहिलंय की मी विषय बदलला. विषय बदलला नव्हता, ताई. २०१६ साली थोरॅक्स या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप (पिशवीत हवा फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाऱ्या रुग्णाची माहिती छापून आली होती. बरीच वर्षं त्याचा खोकला आणि धाप वाढतच होती. तो ३ महिने ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरीच राहिलं, आणि तेवढ्या काळात त्याला बरं वाटलं. पुढे तपासलं तर वाद्याच्या आत बऱ्याच प्रकारच्या बुरशी निघाल्या. तो माणूस शेवटी वाचला नाही. रोज वाजवलेल्या वाद्याची ही गोष्ट, तुमच्या ४ रीड्सची नव्हे. घाबरू नका. पण जी वस्तू मूल तोंडात धरून फुंकतं, तिच्यावर बुरशी दिसली की खोकल्याची चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही. हे सगळं तेव्हा नीट समजावून सांगायला हवं होतं. काउंटरवर गर्दी होती, मी घाईत आणि थोड्या चढ्या आवाजात बोललो. तो आवाज तुम्हाला लागला असेल, तर ती चूक माझीच.

आणखी एक चूक माझी आहे, ती लपवत नाही. रीड्स घेतल्या तेव्हा "कोरड्या हवेत रीड वाकते," असं तुम्ही म्हणालात आणि मी घट्ट झाकणाची डबी आणि आत ठेवायला ८४ टक्क्यांची ओलाव्याची पुडी दिली. ही पुडी डबीतली आर्द्रता त्या आकड्याच्या आसपास धरून ठेवते. खूप कोरड्या हवेत, आणि तेही आधी वाळवलेल्या रीड्ससाठी, ती कामाची. पण तुमची मुलगी वाजवून झाल्यावर रीड लगेच डबीत ठेवत होती. ओली रीड, बंद झाकण आणि वर ८४ टक्के. आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला आयतं रान मिळतं. रीड कशी वाळवता, हे मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ५८ टक्क्यांची पुडी दिली असती, किंवा पुडी नकोच म्हणालो असतो.

त्या दिवशी नीट सांगायचं राहिलं, ते आता सांगतो. वाजवून झालं की रीड माउथपीसवरून लगेच काढायची. साध्या स्वच्छ पाण्याखाली क्षणभर धरायची. मग सपाट बाजू वर करून अंगठा हलक्या हाताने जाड बुडाकडून टोकाकडे फिरवायचा, म्हणजे आत मुरलेलं पाणी बाहेर येतं. टोक कापडाने आडवं घासायचं नाही, ते केसाइतकं नाजूक असतं, चिरतं. त्यानंतर सपाट जागेवर, हवा लागेल अशी उघडी ठेवायची आणि हाताला पूर्ण कोरडी लागल्यावरच डबीत. किती वेळ लागेल ते हवेवर अवलंबून आहे. दमट दिवसांत रात्रभर उघडी राहिली तरी चालेल, फक्त धूळ बसणार नाही असं बघा. एकच रीड रोज वाजवण्यापेक्षा ३-४ रीड्स आलटून पालटून वापरल्या तर प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो. बुडाशी पेन्सिलने १, २, ३ आकडे घातले की मुलांनाही लक्षात राहतं.

बुरशी आलेल्या त्या ४ रीड्स मात्र टाकूनच द्या. ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून रीड स्वच्छ करणारे लोक आहेत. मीही वरवर मळलेली, बुरशी नसलेली रीड काही मिनिटं त्यात ठेवतो आणि मग भरपूर पाण्याने धुतो. पण बुरशी एकदा तंतूंत शिरली की वरून पुसून ती गेली असं मी कुणालाही सांगणार नाही, लहान मुलीच्या बाबतीत तर नाहीच. ती पुडीही फेका. डबी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर पुढच्या रीड्सवर तीच बुरशी पुन्हा येईल. माउथपीस मऊ ब्रशने धुवा, पाणी कोमटच घ्या. एबोनाइटचा (कडक रबराचा) असेल तर गरम पाण्याने त्याचा रंग उडतो. त्याच्या बुडाला बुचाचा पट्टा असतो, तो भिजू देऊ नका.

यापुढे पुडी देताना आधी चौकशी करायची, असं आम्ही ठरवलंय आणि रीड कशी वाळवायची याचा छोटा कागद बॉक्सबरोबर देण्याचा विचार आहे. मुलांशी बोलताना मीही आवाजाकडे लक्ष देईन.

त्या दिवशी तुम्ही रागाने बॉक्स काउंटरवरच ठेवून गेलात. आतल्या ६ रीड्स, मी फोडलेल्या दोन धरून, तुमच्या मुलीच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवल्या आहेत. गेलेल्या चारांच्या बदल्यात ४ नव्या रीड्सही त्यात घातल्या आहेत. डबी आणि माउथपीस घेऊन या, तुमच्यासमोर धुऊन देतो. आणि मुलीलाही जरूर आणा, तिच्याशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.