गोणीमागे बाटली

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. भाव गोणीवरच छापलेला. पण दुकानात गेलं की तेच पालुपद, "आधी नॅनोची बाटली घ्या, मग गोणी." नॅनो म्हणजे पिकावर फवारायचा द्रवरूप युरिया. तो का? तर गोणीतला युरिया कमी करून माती वाचवायचीय! अहो, बाटली गोणीऐवजी वापरायला काढलीत ना? मग गोणीसोबत गळ्यात का मारता? युरिया कमी झाला कुठे?

आणि ती फवारायची कुणी? पाठीवर पंप, मजुरी वेगळी, वर पावसाची झड. गोठ्याच्या फळीवर अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्यांची रांग लागलीय. मागे कोंबडी अंडी घालते, तेवढाच उपयोग.

जमीन आरोग्य पत्रिका तर २०१५ पासून सांगतेय, खतांचा समतोल साधा. साधू की! पोटॅशची गोणी युरियाच्या कितीतरी पट महाग का, ते सांगा आधी. शेणखत घाला म्हणे. दावणीला जनावरं किती उरलीत, बघितलंय कुणी?

वर लिंकिंग, म्हणजे एका खतासोबत दुसरं गळ्यात मारणं, बेकायदेशीर, तक्रार करा म्हणे! कपाशी पिवळी पडलीय, आज खताचा हप्ता द्यायचाय, आणि आम्ही पुरावे गोळा करत फिरायचं? पक्कं बिल मागितलं की दुकानदार म्हणतो, "युरिया संपला."