नामामागून येणारा ‘टू’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही इंग्रजी शिकवता असं लिहिलंय, म्हणून सरच म्हणतो. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे नुसते आभार मानून सुटणं बरं दिसणार नाही. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. इंग्रजीत नामानंतर ‘टू’ आणि क्रियापद आलं की ‘साठी’ घालायचं, अर्थ लागतो, मुलं पुढे जातात. मी त्यात उगाच फाटे फोडले. दुसरं, ‘अ चेअर टू सिट ऑन’मधल्या शेवटच्या ‘ऑन’चा मी बाऊ केला, पण ‘अ प्लेस टू लिव्ह’मध्ये ‘इन’ का नाही ते सांगितलंच नाही. तिसरं, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

तिसऱ्यावर वाद नाही. नाही विचारत.

आता ‘साठी’. आपल्या राज्यघटनेचं कलम १९(१) इंग्रजीत उघडून बघा. ‘ऑल सिटिझन्स शॅल हॅव द राइट’ एवढं म्हणून खाली पोटकलमं सुरू होतात. पहिलं ‘टू फ्रीडम ऑफ स्पीच अँड एक्स्प्रेशन’. दुसरं ‘टू असेम्बल पीसेबली अँड विदाउट आर्म्स’. एकाच ‘राइट’ला लटकलेले हे दोन ‘टू’ एका जातीचे नाहीत. पहिल्यापुढे नाम आहे, दुसऱ्यापुढे क्रियापद. आणि ‘साठी’ दोन्हीकडे बसत नाही. ‘एकत्र जमण्यासाठी हक्क’ असं आपण म्हणतो का? जमण्याचा हक्क म्हणतो. जमणं हा त्या हक्काचा हेतू नाही, तोच हक्क आहे. ‘डिसिजन टू लीव्ह’, ‘रिफ्यूजल टू पे’, ‘परमिशन टू एंटर’, ‘ॲबिलिटी टू स्विम’ या सगळ्यांत ‘टू’नंतरचा भाग नामाचा आशय सांगतो, नाम कशासाठी आहे ते सांगत नाही. यांतली बरीच नामं मुळात क्रियापदांपासून किंवा विशेषणांपासून आलेली आहेत, आणि ‘डिसाइड टू’, ‘रिफ्यूज टू’, ‘एबल टू’ यांचा ‘टू’ त्यांच्याबरोबर नामात आला आहे.

यावर तुम्ही म्हणाल, मग ‘साठी’ऐवजी ‘-ण्याचा’ शिकवू. इथेही पाय घसरतो. पोहण्याची क्षमता आणि पोहण्याची सवय, मराठीत दोन्हींची ठेवण एकच. इंग्रजीत मात्र ‘ॲबिलिटी टू स्विम’ आणि ‘हॅबिट ऑफ स्विमिंग’. ‘ही हॅज अ हॅबिट टू कम लेट’ हे वाक्य आपल्याकडे शाळेपासून कचेरीपर्यंत ऐकू येतं ते याच वाटेने आलंय. त्याला नियम नाही. कोणतं नाम काय घेतं ते नामागणिक शिकावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण तसंच आहे.

हेतूचा खरा ‘टू’ बघायचा तर माहिती अधिकार कायदा, २००५ घ्या. त्याचं पूर्ण नाव, म्हणजे मथळ्याखालचं ते लांबलचक वाक्य, असं सुरू होतं: ‘ॲन ॲक्ट टू प्रोव्हाइड फॉर सेटिंग आउट द प्रॅक्टिकल रेजीम ऑफ राइट टू इन्फर्मेशन फॉर सिटिझन्स टू सिक्युअर ॲक्सेस टू इन्फर्मेशन’. काही शब्दांनंतर येतं ‘इन ऑर्डर टू प्रमोट ट्रान्स्परन्सी’. वाचताना धाप लागते, पण शिकवायला याच्यासारखं वाक्य मिळणार नाही. पहिला ‘टू’ हेतूचा आणि थेट नामाला जोडलेला: तरतूद करण्यासाठीचा कायदा. ‘राइट टू इन्फर्मेशन’ आणि ‘ॲक्सेस टू इन्फर्मेशन’ यांत ‘टू’पुढे नाम आहे, क्रियापद नाहीच. ‘फॉर सिटिझन्स टू सिक्युअर’मध्ये क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे, नागरिक, आणि तो ‘फॉर’ लावून आधी सांगावा लागतो. शेवटचा ‘इन ऑर्डर टू’ पुन्हा हेतूचाच, पण तो नामाला चिकटत नाही. आधी सांगितलेली सगळी क्रिया कशासाठी ते सांगतो. म्हणूनच ‘ॲन ॲक्ट इन ऑर्डर टू प्रोव्हाइड’ कानाला खटकेल.

हीच कसोटी वर्गात चालते. ‘आय वेंट आउट टू बाय मिल्क’मध्ये ‘टू’च्या जागी ‘इन ऑर्डर टू’ घाला, वाक्य टिकतं, कारण हेतू जाण्याचा आहे. ‘आय नीड अ बुक टू रीड’मध्ये घाला, वाक्य मोडतं, कारण ‘टू रीड’ पुस्तकाचं आहे. ‘आय बॉट अ नाइफ टू कट द केक’ दोन्ही बाजूंनी वाचता येतं, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

तुमच्या ‘साठी’चं आणखी एक नुकसान आहे. ‘टू म्हणजे साठी’ शिकलेला मुलगा उलट दिशेने येताना ‘साठी म्हणजे फॉर’ करतो आणि लिहितो, ‘आय वेंट टू द मार्केट फॉर बायिंग व्हेजिटेबल्स’. वस्तू कोणत्या कामाची ते सांगताना हा ‘फॉर’ चालतो, ‘अ मशीन फॉर वॉशिंग क्लोद्ज’. पण माणूस कशासाठी गेला, थांबला, उठला, हे सांगायला ‘टू’च लागतो.

आता ‘ऑन’, ज्यासाठी खरं तर मी हे उत्तर लिहायला घेतलं. मराठीत ‘मला लिहायला काहीतरी द्या’ म्हटलं की समोरचा प्रसंग बघून पेन देतो, कागद देतो किंवा विषय देतो. ‘लिहायला’ या एका रूपात सगळं मावतं. इंग्रजीत तसं भागत नाही. ‘समथिंग टू राइट’ म्हणजे जे लिहायचं आहे ते: लेख, पत्र, गृहपाठ. ‘समथिंग टू राइट विथ’ म्हणजे पेन. ‘समथिंग टू राइट ऑन’ म्हणजे कागद. ‘समथिंग टू राइट अबाउट’ म्हणजे विषय. शेवटचा चिमुकला शब्द सांगतो की ते नाम त्या क्रियेत कुठल्या जागी होतं. तुमच्या ‘साठी’ने चारही वाक्यांचं भाषांतर एकच होतं. मग मुलाने त्यावरून इंग्रजी करताना ‘विथ’ कुठून आणायचा?

मुलांना मी एवढंच सांगतो की नाम उचलून क्रियापदामागे ठेवून बघ. ‘रीड अ बुक’ जुळतं, म्हणून ‘अ बुक टू रीड’. ‘सिट अ चेअर’ जुळत नाही, ‘सिट ऑन अ चेअर’ जुळतं, म्हणून ‘अ चेअर टू सिट ऑन’. आणि ती जागा नामाने आधीच अडवलेली असल्यामुळे तिथे पुन्हा ‘इट’ येत नाही. ‘अ बुक टू रीड इट’ ही चूक दुसऱ्या टोकाची.

‘प्लेस टू लिव्ह’चा तुमचा प्रश्न मात्र चोख आहे. ‘हाउस’ला ‘इन’ लागतो, ‘प्लेस’ला नाही, असं का? याचं कारण ‘टू’मध्ये शोधून सापडणार नाही, ते ‘प्लेस’मध्येच आहे. स्थळ, काळ आणि रीत सांगणारी काही सर्वसाधारण नामं इंग्रजीत सगळीकडेच ही सवलत घेतात: ‘द प्लेस आय लिव्ह’, ‘द डे वी मेट’, ‘द वे शी टॉक्स’. इथे ‘टू’ कुठेच नाही, तरी ‘इन’ आणि ‘ऑन’ गळलेत. ‘द हाउस आय लिव्ह’ मात्र कुणी म्हणत नाही. म्हणून ‘टाइम टू गो’, ‘वे टू डू इट’, ‘प्लेस टू स्टे’ बिनशेपटीचे चालतात आणि खुर्ची, घर, पेन यांना शेपूट लागतं.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देतो. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘ही दॅट हॅथ इयर्स टू हिअर, लेट हिम हिअर’ असं आहे. कानांनी ऐकायचं, म्हणजे माझ्या हिशेबाने ‘हिअर विथ’ हवं होतं. साधनाच्या बाबतीत, विशेषतः क्रियापदाला त्याचं कर्म मिळालेलं असेल तेव्हा, आजही ‘विथ’ सोडला जातो: ‘मनी टू बाय फूड’मध्ये ‘विथ’ घातलात तर तो उपराच वाटेल. जुन्या इंग्रजीत ‘टू’नंतरच्या क्रियापदाला ‘-अन्ने’, ‘-एन्ने’ असा विभक्तीचा प्रत्ययही लागायचा. पुढे तो झिजला आणि ‘टू’ एकटाच उरला. इमारतींवरची ‘हाउस टू लेट’ पाटीही अशीच जुनी वहिवाट आहे. घर काही स्वतः भाड्याने देत नाही, तरी रूप कर्तरी. आपल्याकडे ती पाटी जोडून ‘टूलेट’ लिहितात, तो विषय वेगळा.

एकदा ‘समथिंग टू राइट’ची ती चार वाक्यं वर्गात फळ्यावर लिहा, आणि कोणत्या वाक्याला दप्तरातून काय काढाल एवढंच मुलांना विचारा. व्याकरणाचा एकही शब्द न उच्चारता. काय काढतात ते इथे जरूर कळवा. ‘अबाउट’ला काय करतात याची मला विशेष उत्सुकता आहे.