वडाप, दोलमुश आणि कुर्ल्याची डॉज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाहीत, पण लिहिलंय पोटतिडकीने, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' म्हणून बोळवण करत नाही. बाकीच्यांसाठी तिचा सारांश सांगतो. एका आठवड्याला शेवरोलेचे टेलफिन (गाडीच्या मागच्या बाजूचे ते पंखांसारखे उभे पत्रे) आणि पुढच्या आठवड्याला माल्टीज क्रियापदं, ही नुसती खिचडी आहे; विषयांची वेगवेगळी खाती करा. अमेरिकन गाड्या म्हणजे पेट्रोल पिणारा माज. आजच्या काळात त्यांचं कौतुक करणं बेजबाबदारपणाचं. भूमध्य समुद्राचं माझं प्रेम ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकातून उचललेलं आहे. आणि शेवटी, "मराठी वाचकाला याचं काय?"

शेवटचाच प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे कधी वडापने गेलायत? गाडी भरल्याशिवाय हलत नाही, "अजून दोन शीटं बसतील" म्हणत ड्रायव्हर तुम्हाला आत सरकवतो, आणि 'वेळापत्रक' हा शब्द तिथे कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं या धंद्यात महिंद्राच्या जीप होत्या. महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि ही विलीज ओहायोतल्या टोलेडो शहरातली. म्हणजे वडापात मांडीला मांडी लावून बसलेला प्रत्येक जण अमेरिकन गाडीच्याच वंशजात बसलेला होता. (त्या टोलेडोचं नाव स्पेनमधल्या तोलेदोवरून पडलंय, पण हे सांगितलं तर तुम्ही पुन्हा खिचडी म्हणाल.)

इस्तंबूलची दोलमुश म्हणजे तिथलं वडापच. १९३०च्या दशकात, मंदीत, टॅक्सीचं भाडं एकट्याला परवडेना तेव्हा लोक वाटून घेऊन जायला लागले, तिथून ही पद्धत रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर तुर्कस्तानात अमेरिकन गाड्या आल्या: शेवरोले, प्लिमथ, डीसोटो, डॉज. मग १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाचा खडखडाट झाला आणि नवी गाडी बाहेरून आणणं जवळजवळ अशक्य होऊन बसलं. होत्या त्याच गाड्या चालवायच्या. मग कारागिरांनी काय केलं? गाडी मधोमध कापली, लांबवली, आत बाकांची आणखी एक रांग बसवली. पेट्रोलचं इंजिन थकलं की डिझेलचं टाकलं. पार्ट मिळत नाही? लेथवर बनवून घ्या. असं करत करत त्या गाड्या १९९०च्या दशकापर्यंत इस्तंबूलच्या रस्त्यांवर होत्या.

आत बसल्यावर काय चालायचं तेही सांगतो, कारण मला गाडीइतकंच यात रस आहे. मागच्या बाकावरचा माणूस पैसे पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याला, असं करत ते ड्रायव्हरपर्यंत जातात. ड्रायव्हर एका हाताने स्टीअरिंग सांभाळत सुटे मोजतो, आणि ते त्याच वाटेने हातोहात मागे येतात. मधल्या मध्ये कोणी चिल्लर खिशात घालत नाही. उतरायचं असेल तर म्हणायचं, "मुसाइत बिर येर्दे", म्हणजे सोयीच्या जागी थांबवा. ती सोय कोणाची, हे अर्थातच ड्रायव्हर ठरवतो. हा रिवाज आजच्या मिनीबसमध्येही टिकून आहे.

आता पेट्रोलचा मुद्दा. त्यात तथ्य आहे आणि मी वकिली करणार नाही. १९५९ची कॅडिलॅक जवळजवळ पावणेएकोणीस फुटांची. लांबी ५.७ मीटर, इंजिन ६.४ लिटर. एका माणसाला ऑफिसला न्यायला एवढं धूड कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता. पण माज कुठे होता ते नीट पाहू. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी १९२०च्या दशकात दरवर्षी मॉडेल बदलायचं धोरण आणलं. गाडी मोडायच्या आत ती जुनाट दिसली पाहिजे, शेजाऱ्याच्या दारात नवी आली की आपल्या गाडीची लाज वाटली पाहिजे, हा त्यातला हिशोब. टेलफिन दर साली उंच होत गेले ते यामुळे. पत्रा, पेट्रोल आणि पैसा यांची खरी नासाडी त्या धोरणात आहे.

आणि नेमकी हीच गाडी, दोन-तीन वर्षांत मनातून उतरावी म्हणून घडवलेली, इस्तंबूलला बॉस्फोरसच्या काठी चाळीस वर्षं चालली, तीही एकट्यादुकट्याला नव्हे, सात-आठ जणांना घेऊन. मला अमेरिकन गाडी आवडते ती या अवस्थेतली. शोरूममधली गुलाबी कॅडिलॅक बघायला छान, पण तिच्यावर लिहावं असं मला फारसं काही सापडत नाही. गाडी परक्या बंदरात उतरते, गरिबीशी तिची गाठ पडते, तिथून पुढे तिचं चरित्र सुरू होतं. म्हणून माझे दोन विषय दोन नाहीतच.

"गाडीत भाषा कुठून आली?" असंही तुम्ही विचारलंय. इस्तंबूलच्या गॅरेजमध्ये प्लिमथच्या खाली झोपलेला मिस्त्री कोणत्या भाषेत बोलत असेल? ब्रेकला 'फ्रेन', गिअरला 'वितेस', क्लचला 'देब्रियाज', स्टीअरिंगला 'दिरेक्सियोन', आणि गाडी चालवणारा 'शोफोर'. सगळं फ्रेंच, तुर्की वळणाने उच्चारलेलं. कारण उस्मानी काळाच्या अखेरीस मोटार आली तेव्हा तिथल्या शिकलेल्या वर्गाची परदेशी भाषा फ्रेंच होती. कैरोत जा, 'देब्रियाज' आणि 'दिरिक्सियोन' तिथेही भेटतात. ग्रीक ड्रायव्हर मात्र स्टीअरिंगला 'तिमोनी' म्हणतो, म्हणजे इटालियन खलाशांकडून घेतलेलं जहाजाचं सुकाणू. आपलं सुकाणूही अरबीतून आलंय, पण आपण ते गाडीला लावलं नाही, भाषणांना लावलं. देशाचं सुकाणू वगैरे.

पत्रकातला भूमध्य समुद्र कसा असतो हे पाहायचं असेल तर माझ्याकडे कशाला, अमेरिकन गाड्यांच्या राजधानीकडे, डेट्रॉइटकडे बघा. ब्यूक रिव्हिएरा, शेवरोले माँटे कार्लो, कॅडिलॅक सेव्हिल, फोर्ड ग्रानाडा, फोर्ड टोरिनो, मर्क्युरी काप्री. सगळ्यांवर कडी म्हणजे १९७५ची क्रायस्लर कॉर्डोबा. तिच्या जाहिरातीत रिकार्डो माँताल्बान हे मेक्सिकोत जन्मलेले नट भारदस्त आवाजात सीटच्या 'कोरिंथियन लेदर'ची तारीफ करायचे. कोरिंथ ग्रीसमध्ये, आणि तिथल्या कातड्याशी त्या सीटचा काडीचाही संबंध नव्हता. ते नाव जाहिरातवाल्यांच्या डोक्यातलं. गंमत अशी की खुद्द स्पेनचं कोर्दोबा मुसलमानी राजवटीपासून कातडी कामासाठी जगप्रसिद्ध. खरी कीर्ती गाडीच्या नावातच होती, ती सोडून यांनी खोटी विकत आणली! हा प्रकार मला मनापासून आवडतो, पण म्हणून मी त्याला भूमध्य संस्कृती समजत नाही.

खरा भूमध्य समुद्र डेट्रॉइटच्या कारखान्यांत होता. पहिल्या महायुद्धानंतर माल्टाच्या गोदीतली कामं आटली, तशी तिथली माणसं डेट्रॉइटला आली आणि कॉर्कटाउन भागात त्यांची वस्ती झाली. माझ्या माल्टीज क्रियापदांचा धागा तिथून निघतो. लेबनॉनकडचे लोक फोर्डच्या कामावर आले. डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये आज दुकानांच्या पाट्या अरबीत दिसतात त्याचं मूळ त्यात आहे. इटालियन तर होतेच. फोर्डच्या मस्टँग गाडीचं श्रेय ज्यांना मिळालं त्या ली आयाकोका यांचे वडील नेपल्सच्या मागच्या डोंगराळ भागातून आलेले.

या भाषांचं फोर्ड कंपनीने काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. १९१४ साली दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर झाला. त्याबरोबर घरी येऊन राहणीमान तपासणारे निरीक्षक आले, आणि परदेशी कामगारांसाठी इंग्रजीची शाळा. शाळेच्या पदवीदान समारंभात स्टेजवर एक अवाढव्य हंडा ठेवलेला असे. मागे जहाजाचा देखावा. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात, हातात बोचकी घेऊन जहाजावरून उतरत आणि हंड्यात शिरत. शिक्षक लांब पळ्यांनी हंडा ढवळल्याचं नाटक करत. मग तीच माणसं कोट-टाय घालून, हातात अमेरिकेचे छोटे झेंडे हलवत बाहेर येत. नाटक म्हणून हे लिहिलं तर लोक म्हणतील, जरा अतीच केलंय. खिचडीचा आरोप करायचाच असेल तर तो हंडा माझा नाही, फोर्डसाहेबांचा.

इटलीतल्या तुरीनबद्दल मागे लिहिलंच होतं, त्यामुळे एवढंच सांगतो. क्रायस्लरची नॉर्समन ही प्रायोगिक गाडी तिथल्या गिया कारखान्यात हाताने घडवली गेली, एकच नग. जेनोव्हाहून ती आंद्रेआ दोरिया जहाजाने निघाली. २५ जुलै १९५६च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या नँटकेट बेटापाशी त्याला स्टॉकहोम या जहाजाची धडक बसली आणि सकाळी ते बुडालं. गाडी प्रदर्शनात कधी लागलीच नाही, ती अजून अटलांटिकच्या तळाशी आहे. तुम्हाला ही बातमी गाड्यांच्या खात्यात टाकायची की इटलीच्या, ते तुम्हीच सांगा.

आणि आता कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, डीसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढच्या दशकात त्याच कारखान्यात तुरीनची फियाट आली. जिला आपण पद्मिनी म्हणून ओळखतो, जिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने मुंबईला दोन पिढ्या फिरवलं, ती म्हणजे हीच फियाट. २०१४ साली फियाट आणि क्रायस्लर यांची एक कंपनी झाली तेव्हा अर्थविषयक पानांवर केवढा गाजावाजा! पुढे रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून जीप कंपास बाहेर पडू लागली. डेट्रॉइट आणि तुरीन यांचा संसार कुर्ल्यात त्याच्या साठ वर्षं आधी मांडून झाला होता. तुम्ही म्हणता, "परदेशी गाड्या सोडा, आपल्या पद्मिनीवर लिहा." पद्मिनीवर लिहायचं तर हे दोन्ही परदेश आलेच की हो.

तेव्हा विषयांची वेगवेगळी खाती करा ही सूचना मी मानणार नाही. पुढचा लेख माल्टाच्या जुन्या बसगाड्यांवर आहे, २०११पर्यंत चालत होत्या त्या, आणि त्यात भाषाही असणार.

एक काम मात्र तुमच्याकडे आणि बाकीच्या वाचकांकडे मागतो. कुर्ल्याच्या कारखान्यात किंवा त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये घरातलं कोणी होतं का? डॉजचे नटबोल्ट इंचातले, फियाटचे मिलिमीटरमधले. एकाच छपराखाली दोन्ही येत असताना पाने वेगवेगळे ठेवायचे, की मिस्त्री नुसत्या नजरेने ओळखायचे? हे मला कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. माहिती असेल तर खाली लिहा, नाव न देता लिहिलंत तरी चालेल.