सोलेदाद आकोस्ता चोरून लिहीत नव्हत्या

‘कोलंबियाच्या सोलेदाद आकोस्ता दे साम्पेर कधी शाळेत गेल्या नाहीत. नवऱ्याच्या धाकाने रात्री चोरून, पुरुषाच्या नावाने लिहीत. त्या लेखिका होत्या हे मृत्यूनंतरच जगाला कळलं.’ महिला दिनाला भाषण करण्यासाठी माझ्या भाचीने हा फिरता मजकूर वहीत उतरवून घेतला होता. तो वाचून मी तिला ते पानच फाडायला लावलं.

शाळेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. १८३३ साली बोगोताला जन्म, बालपणी आजोळी कॅनडातल्या हॅलिफॅक्सला, मग पॅरिसला शिक्षण. वडील होआकिन आकोस्ता स्वतः इतिहासकार. त्यांचा ग्रंथ १८४८ साली पॅरिसमध्येच छापला गेला.

नवऱ्याचा धाक मात्र शुद्ध थाप आहे. १८६९ साली बेल्जियममधल्या गेंट शहरात बाईंच्या कथा-कादंबऱ्यांचा संग्रह निघाला, तोही त्यांच्या पूर्ण नावाने. प्रस्तावना नवऱ्याची, होसे मारिया साम्पेर यांची. ते स्पष्ट लिहितात की पुस्तक काढायची कल्पना सर्वस्वी माझी, आणि बायको इतकी विनयशील की तिची संमती मिळवायला मला झगडावं लागलं. जो माणूस हे छापून सांगतो, त्याला बायकोची लेखणी हिसकावणारा ठरवायचं? आणि यात बाईंवर जास्त अन्याय होतो. पुढे राजकारणापायी नवरा तुरुंगात गेला तेव्हा व्यापार करून घर त्यांनी सांभाळलं. १८७८ ते १८८१ ‘ला मुहेर’ नियतकालिक चालवलं, त्यात लिहिणाऱ्या सगळ्या स्त्रियाच. अशा बाईला अंधारात भेदरून बसलेली दाखवणं मला सहन होत नाही.

टोपणनावं होती, एवढं मान्य करावं लागेल. ‘दोलोरेस’ ही कादंबरी १८६७ साली आल्देबारान या नावाने आली, आणि रेनातो हे त्यांचं दुसरं टोपणनाव तर सरळ पुरुषाचंच. पण आंदिना, बेर्तिल्दा ही बायकांची नावंही त्यांचीच.

आणि मृत्यूनंतर ओळख? त्या १९१३ साली वारल्या. त्याआधी १८९२ साली अमेरिका खंडाच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला कोलंबियाने स्पेनमध्ये त्यांनाच अधिकृत प्रतिनिधी म्हणून पाठवलं होतं. स्त्री कोणताही पेशा करू शकते, हा निबंधही त्यांनी त्याच साली लिहिला. भाची आता त्या निबंधावर बोलणार आहे.