बॅटरी बदला, बॅटरी बदला… अरे, आधी मीटर तर लावा!

कॅम्पर व्हॅनमधला फ्रीज बंद पडला, लाईट मंद झाले, इन्व्हर्टर कोकलायला लागला की अलिबागपासून मालवणपर्यंत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "बॅटरी गेली साहेब, नवीन टाका." बॉनेट उघडायचं नाही, व्होल्ट मोजणारा मीटर लावायचा नाही, एक प्रश्न विचारायचा नाही. मी नवीन बॅटरी टाकली. घसघशीत पैसे मोजले. फ्रीज दुसऱ्याच रात्री परत बंद! हर्णैच्या लिलावातून घेतलेली ताजी सुरमई सकाळपर्यंत फेकायच्या लायकीची झाली आणि सोबत आईचं इन्सुलिन होतं, ते रातोरात शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायची वेळ आली. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

आणि हे सांगणारे कोण? आयुष्यभर घरांची वायरिंग केलेले लोक. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण त्यांचं गणित २३० व्होल्टचं. घरात १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. तोच १०० वॅटचा लोड १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर जातो. इन्व्हर्टरवर हजार वॅटची किटली लावली तर बॅटरीकडून नव्वदच्या आसपास अँपिअर ओढले जातात. वायरमध्ये एक व्होल्ट गळाला तर घरातल्या पंख्याला कळतसुद्धा नाही. १२ व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट गेला म्हणजे आठ टक्के गेले. इतकी साधी गोष्ट. पण गाडी बांधून देणाऱ्या माणसाने माझ्या फ्रीजला काय वायर दिली होती? दीड स्क्वेअर एमएम! घरात लाईट-पंख्याला ओढतात तीच, तीही प्लायवूडच्या मागे गाडून, वर सुंदर लॅमिनेट चिकटवून. कुठून कुठे गेली त्याचा नकाशा नाही, वायरवर नंबर नाही, फ्यूज कुठे लपवलाय तेही माहीत नाही. लाखो रुपये घेतले आणि एक कागद हातात दिला नाही.

शेवटी दोष कोणी शोधला? बंदरावरच्या एका वायरमनने. ट्रॉलरवरचे दिवे, वायरलेस, जीपीएस बघणारा माणूस. जेटीजवळ गाडी उभी होती, माझी चिडचिड त्याच्या कानावर गेली आणि तो आपणहून आला. आधी त्याने बॅटरीवर मीटर लावला: फ्रीज चालू असताना १२.३. मग फ्रीजच्या टर्मिनलवर लावला: १०.५! त्या फ्रीजचा कॉम्प्रेसर साधारण एवढ्याच व्होल्टेजला स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. मग त्याने एक लांब वायर जोडून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर धरलं आणि दुसरं फ्रीजच्या मायनसवर. मायनस ते मायनस, म्हणजे जवळजवळ शून्य यायला हवं. आले १.४ व्होल्ट. तो म्हणाला, "बॅटरीला काय धाड नाय झालेली. तुमची अर्थिंग कुजलीय." अर्थिंग म्हणजे मायनसची वायर गाडीच्या चॅसीला, म्हणजे सांगाड्याला, जिथे जोडतात तो जोड.

मागच्या सीटखाली वाकून त्याने बोल्ट सोडवला. तो लग, म्हणजे वायरच्या टोकाचं बोल्टखाली बसणारं कडं, अजून माझ्याकडे आहे. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, कडेने हिरवी पूड, बोटाने चोळली की झडते. आणि त्याखाली चॅसीवरचा रंग जसाच्या तसा! खरवडलाच नव्हता. म्हणजे सुरुवातीपासून ती अर्थ फक्त बोल्टच्या आट्यांवर तग धरून होती. वर खाऱ्या हवेने उरलंसुरलं खाल्लं. त्याने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, कलई केलेल्या तारेचा नवा लग नीट दाबून बसवला, वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मीटर. ०.१. फ्रीज सुरू झाला तो आजतागायत बंद पडलेला नाही. प्लसची वायर नंतर मी सहा स्क्वेअर एमएमची ओढून घेतली.

मग मला सांगा, ही पाच मिनिटांची तपासणी बाकीच्यांना का नाही सुचली? लोड चालू ठेवून मोजायचं, एवढंच तर करायचं होतं! लोड बंद करून मोजलं तर कुजलेला जोडसुद्धा बारा-साडेबारा दाखवतो, कारण करंट वाहत नाही तोवर व्होल्टेज गळत नाही. बॅटरी खरंच गेली का हेही कळतं: साधी लेड ॲसिड बॅटरी चार्जिंग काढून काही तास शांत ठेवा, १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ असेल तर निम्मी. मग लोड टाका आणि किती खाली बसते बघा. हे न करता दुकानदार नवी बॅटरी गळ्यात मारतो आणि जुनी, चांगली बॅटरी भंगाराच्या भावात घेऊन जातो. माझी नेली.

होमस्टेवाल्यांचंही सांगतो, कारण हा विषय जिवावरचा आहे. "गाडीला चार्जिंगची सोय आहे" म्हणतात आणि पडवीतून एक एक्स्टेंशन फेकतात. तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थच्या पिनेला मागे वायरच नसते. मी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून बघतो, आणि कितीतरी ठिकाणी तो पेटतच नाही. गाडी रबरी टायरवर उभी, म्हणजे पत्रा जमिनीशी जोडलेला नाही. चार्जरमधून करंट पत्र्यावर उतरला आणि ओल्या वाळूत अनवाणी उभं राहून कोणी दाराला हात लावला, तर जमिनीत जायचा रस्ता तोच माणूस! गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर अशा सॉकेटला मी गाडी लावत नाही. त्यावरून एका यजमानांनी मला "फार शंकेखोर आहात हो" असं ऐकवलं. असेन. लहान मुलं उतरतात त्या दारातून.

पण खरा संताप आहे तो गाडी बांधणाऱ्यावर. फोन केला, फोटो पाठवले, मीटरची रीडिंगं पाठवली. उत्तर आलं: "सर, तुम्ही गाडी समुद्रालगत वापरता, गंज वॉरंटीत बसत नाही." अहो, तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर गाडी समुद्रकिनाऱ्यावर उभी आहे! नारळाची झाडं, लाटा, छत उघडलेलं. मी रत्नागिरीत राहतो, हे बुकिंगच्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा कोणी म्हणालं का, की खारी हवा चालणार नाही? मासेमारीच्या होड्या वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात चालतात, त्यांची वायरिंग टिकते ना? कारण तिथे कलई केलेली तांब्याची तार वापरतात, जोड झाकतात आणि मायनसची वायर थेट बॅटरीपर्यंत आणतात. थोडे हजार वाचवायला यांनी ते टाळलं, आणि रंग खरवडायला तर एक रुपयाही लागत नव्हता.

मी लेखी मागणी पाठवली आहे: बॅटरीचे पैसे, दुरुस्तीचे पैसे आणि अख्ख्या गाडीचा वायरिंगचा नकाशा. नकाशा मला हवाच आहे, कारण त्या लॅमिनेटमागे असे आणखी किती बोल्ट रंगावर बसवलेत देव जाणे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे ती रत्नागिरीत होईल, आणि तो हिरवा लग मी टेबलावर ठेवणार आहे.