सगळे सारखे ओरडतच का असतात?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. नववीतला. ‘डॉक्टर स्टोन’ या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, सगळेच्या सगळे खंड कोळून प्यायलेला. माझ्या कपाटातून त्यानं काझुओ उमेझू या जपानी चित्रकथाकाराच्या ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’ या भयकथेचा पहिला जाडजूड खंड काढला, दहा मिनिटं चाळला आणि परत ठेवत म्हणाला, “मामा, यात सगळे सारखे ओरडतच का असतात? आणि माणसं कशी लाकडी बाहुल्यांसारखी काढलीत!”

मी म्हटलं, “अरे, जुनं आहे ते.” ही शुद्ध पळवाट होती आणि तिचं मला नंतर वाईट वाटत राहिलं. जुनं आहे म्हणून सांभाळून घ्यावं असं ते पुस्तक नाहीच. त्याचा प्रश्न मात्र खरा होता. म्हणून ही पोस्ट. (कथेतल्या काही गोष्टी फुटतील. शेवट सांगत नाही.)

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शो ताकामात्सु हा सहावीतला मुलगा. एका सकाळी त्याचं आईशी कडाक्याचं भांडण होतं, दोघंही नको ते बोलून जातात, आणि मी परत येणारच नाही म्हणत तो शाळेत निघून जातो. थोड्याच वेळात प्रचंड हादरा बसतो आणि अख्खी शाळा आतल्या 862 जणांसकट जागेवरून नाहीशी होते. शहरात उरतो नुसता खड्डा. शाळेच्या फाटकाबाहेर मात्र आता क्षितिजापर्यंत वाळू आहे. ही जागा म्हणजे दुसरा ग्रह वगैरे नाही, आपलीच पृथ्वी आहे, भविष्यातली, माणसानं वाटोळं करून ठेवलेली. 1972 ते 1974 या काळात हे सगळं ‘शोनेन संडे’ या मुलांच्या साप्ताहिकात छापून येत होतं. पुन्हा सांगतो, मुलांच्या.

आता ओरडण्याबद्दल. उमेझूंची मुलं खरंच पानोपानी ओरडतात. तोंडाचा आ इतका मोठा की आत नुसता काळा खड्डा, डोळ्यांच्या कडेला पाणी, कपाळावर रेघांची जाळी. पहिली शंभर पानं मलाही कटकट झाली होती. मग लक्षात आलं की हा माणूस ओरडणं काढतोय ते आवाज दाखवायला नाही, पान उलटायला लावायला. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, म्हणजे डाव्या पानाची खालची शेवटची चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची नजर. त्या चौकटीत उमेझू बहुतेक वेळा एक चेहरा ठेवतात, कशाकडे तरी बघून किंचाळणारा. त्याला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नाही. आपण पान उलटतो आणि समोर पूर्ण पानभर ते. भीती चित्रात आहेच, पण त्याहून जास्त ती बोटात आहे. आपणच पान उलटलेलं असतं ना.

भाच्याचा दुसरा आक्षेप, लाकडी बाहुल्या. मान्य. धावणारं मूल धावताना अडकल्यासारखं दिसतं, हात कोपरात ताठ, गणवेशाची घडीसुद्धा मोडत नाही. पण त्याच पानावर मागची शाळा बघा. काँक्रीटचे तडे, खिडक्यांच्या काचा, वाळूवर पडलेली तिची सावली, सगळं चिकाटीनं, रेघेवर रेघ मारत काढलेलं. वस्तू जिवंत आणि माणसं निर्जीव, असा उलटा कारभार आहे. आणि तो कथेला चपखल बसतो, कारण ही मुलं शिस्तीत वाढलेली आहेत, पी. टी.च्या तासाला रांगेत उभी राहणारी आहेत. जग संपल्यावरही शरीर त्याच ताठ सवयीनं वागतं. एकदा हे दिसलं की मग खुपत नाही. उलट ‘डॉक्टर स्टोन’चा चित्रकार बोइची याचे पिळदार, देखणे देह (चित्रकार म्हणून तो अफाटच आहे) या वाळवंटात सोडले असते तर भीती पार विरघळून गेली असती असं वाटतं. ज्याचं शरीर इतकं तयार आहे तो मरणार नाही, हे वाचकाला आपोआप कळतं. उमेझूंच्या मुलांकडे बघून तसा भरवसा कधीच वाटत नाही. आणि ती मरतात. किती मरतात!

दोन्ही मांगा शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट जाणवते. ‘डॉक्टर स्टोन’मध्ये सगळ्या माणसांसारखाच दगड झालेला नायक सेन्कू 3,700 वर्षांनी दगडातून बाहेर येतो आणि डोक्यातल्या विज्ञानाच्या जोरावर सगळं पुन्हा उभं करू लागतो. माहिती असली की माणूस तरतो. उमेझूंकडे माहिती असलेली माणसं, म्हणजे शिक्षक, सगळ्यात आधी कोसळतात. जे घडलंय ते खरं मानायलाच त्यांचं मन तयार होत नाही. एक तर चक्क खुनी होतो. जेवण पोचवायला आलेला सेकिया अन्नाच्या साठ्यावर कब्जा करून बसतो. उरलेली मुलं मग आपलं ‘सरकार’ बनवतात, शो पंतप्रधान, बाकीचे मंत्री, आणि वाचताना आधी हसू येतं. मग त्या सरकारात फूट पडते, गट होतात, हातात भाले येतात. फेब्रुवारी 1972 मध्ये जपाननं आसामा डोंगरातल्या लॉजमध्ये दडलेल्या सशस्त्र डाव्या तरुणांना पोलिसांनी घातलेला वेढा टीव्हीवर थेट पाहिला होता आणि पाठोपाठ कळलं होतं की त्या तरुण क्रांतिकारकांनी आपल्याच साथीदारांना छळून मारलंय. मिनामाता आणि योक्काइची या शहरांतल्या कारखान्यांच्या प्रदूषणाचे खटलेही तेव्हा गाजत होते. अशा वाचकाला ही गोष्ट नुसती कल्पना वाटली नसणार.

पण माझ्या मते या मांगाचा खरा जीव आईच्या धाग्यात आहे. सगळी गोष्ट शो आईला उद्देशून सांगतो. आणि तिकडे, आपल्या काळात, आईला त्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. निशी नावाच्या मुलीच्या गूढ शक्तीमुळे हा दुवा जुळतो, ते जरा सोयीचंच आहे. पण पुढे उमेझू जे करतात त्याला तोड नाही. शोच्या जिवावर बेतलंय, त्याला सुरी हवी आहे. आई काय करू शकते? ती एका हॉटेलात जाते आणि भिंतीत सुरी लपवते. बस्स. टाइम मशीन नाही, यंत्र नाही. भूतकाळातून भविष्यात वस्तू पाठवायचा एकमेव रस्ता म्हणजे ती कुठेतरी ठेवून वाट बघणं. लोकांच्या लेखी बाई वेडी झालेली असते. तिकडे भग्न इमारतीत मुलगा भिंत चाचपतो. विज्ञानकथेतली इतकी साधी आणि इतकी घट्ट कल्पना मी फार कमी वेळा वाचली आहे. पुढे औषधाचा प्रसंगही याच वाटेनं येतो, तो तर याहून विचित्र आहे.

गंमत अशी की हेच उमेझू 1965 मध्ये मुलींच्या साप्ताहिकात ‘ममा गा कोवाई’ म्हणजे ‘आईची भीती वाटते’ अशा नावाची कथा काढत होते. त्यात आईच्या जागी साप-बाई येऊन बसते. मुलांना आईचीच भीती घालणारा हा माणूस सात वर्षांनी त्याच थरथरत्या रेघेनं जगातली सगळ्यात हट्टी आई उभी करतो.

सगळंच गोड आहे असं नाही. मधले काही खंड म्हणजे संकटांची रांग आहे. एक संपलं की दुसरं, साप्ताहिकाची गरज स्पष्ट दिसते. एका मुलाच्या मनातल्या भीतीतून महाकाय कीटक जन्मतो, तो भाग चित्रांसाठी बघावा, पण तिथे कथेचा पाया थोडा हलतो. इतका वेळ भूक आणि तहान खरी होती, मग एकदम काहीही होऊ शकतं. आणि मुली! साकिकोसारख्या धीट मुलीच्या वाट्याला शेवटी लहानग्यांची आई होणंच येतं. हे मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. त्याला ‘काळच तसा होता’ म्हणून मी सूट देणार नाही.

भयकथांचा मांगाकार जुंजी इतो याचे चाहते इथे बरेच आहेत, म्हणून सांगतो. इतोची ‘तोमिए’ ही पहिली गाजलेली मांगा 1987 मध्ये पुढे आली ती उमेझूंच्याच नावानं असलेल्या पुरस्कार स्पर्धेतून. इतो आवडत असेल तर त्याच्या आजोळी एकदा जाऊन या.

उमेझू ऑक्टोबर 2024 मध्ये गेले, 88 व्या वर्षी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून हसत हिंडणारा माणूस. तोक्योच्या किचिजोजी भागातल्या घरालाही तसेच पट्टे मारले म्हणून शेजारी कोर्टात गेले होते आणि हरले होते.

मूळचे 11 खंड आता इंग्रजीत तीन जाड पुस्तकांत मिळतात. पहिलं सातशेहून जास्त पानांचं आहे, झोपून वाचताना नाकावर पडतं, अनुभव आहे. कुणाला हवं असेल तर पहिलं आणि तिसरं माझ्याकडून न्या. दुसरं मागू नका. ते भाच्याच्या दप्तरातून गेलंय, न विचारता.