आत्या विकणे आहे

जुनी गाडी काढून नवी घ्यावी का असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर अभिनंदन, कारण याचा अर्थ नवी घ्यायचं तुमचं ठरलेलं आहे, फक्त घरच्यांना अजून कळलेलं नाही. अशा वेळी माणूस कागद-पेन घेऊन हिशोबाला बसतो आणि तिथेच फसतो. आधी रंग ठरवायचा असतो. रंग ठरला की हिशोब आपोआप जुळतो, आणि नाही जुळला तर कसा जुळवायचा तेवढं सांगायलाच मी बसलोय. इंदुरात पोह्यावर शेव आणि डोक्यावर सल्ला, दोन्ही न मागता मिळतं. माझा अनुभव विचाराल तर मी २०१९ पासून गाडी बदलतोय.

आमची आत्ताची गाडी फेब्रुवारी २०११ची. एमपी ०९, डिझेल, पुढे दोन, मधे तीन आणि मागे समोरासमोर दोन आडव्या सीटा, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. घरात तिला आत्या म्हणतात. आवाज मोठा, अंग दणकट, आजारी पडत नाही, कुणाचंही लग्न असो सगळ्यात आधी तयार, आणि कितीही सामान दिलं तरी "ठेवा रे, मावतंय" म्हणणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही त्यावरच बोलत बसाल. पुण्याला जाताना खलघाटचा नर्मदेचा पूल आला की आई नाणं टाकायला काच खाली करते आणि ती डावीकडची मागची काच बरोबर अर्ध्यावर अडकते. एवढाच काय तो दोष. बाकी सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट ती गेली पंधरा वर्षं कुरकुर न करता चढते-उतरते आहे.

आता तुमची अडचण लक्षात आली का? न बिघडणारी गाडी विकायची म्हणजे कमावत्या आणि निर्व्यसनी नवऱ्यापासून घटस्फोट मागण्यासारखं आहे, जज विचारणार बाई त्रास काय आहे. तर तो त्रास तयार करावा लागतो. मी काचेपासून सुरुवात केली. जेवताना सहज म्हणालो, आता हिच्या काचासुद्धा चालेनाशा झाल्यात. पोरगा ताटातून मान वर न करता म्हणाला, बाबा एकच काच आहे आणि त्याची क्लिप कितीची येते ते विचारू का उस्तादला.

उस्तादला काही विचारायचं नाही हा नियम लिहून ठेवा. गाडी बदलण्याच्या कामात मेकॅनिकसारखा घातकी माणूस नाही. आमचा उस्ताद मालवा मिलकडे बसतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखं ऐकतो, मग तंबाखू बाजूला करून सांगतो, "भिया, इसको क्या हुआ? इंजन खुला ही नहीं है अभी तक. आराम से चलाओ." मी म्हटलं नीट ऐक, काहीतरी टकटक येत असेल. तो म्हणाला टकटक आहे, पण ती डॅशबोर्डातल्या नाण्यांची आहे.

त्यापेक्षा नातेवाईकांना विचारा, ते नेहमी खर्चाच्या बाजूने असतात, तुमच्या खर्चाच्या. माझ्या साडूने पुण्यात नवी घेतली तेव्हापासून तो फोनवर "अजून तीच का रे?" असं मऊ आवाजात विचारतो, कुणाचं जुनं दुखणं विचारावं तसं. नोएडाचा मामेभाऊ तर थेट कायद्यावर आला, डिझेल गाडी दहा वर्षांवर चालवताच येत नाही म्हणाला. हे खूप उपयोगी आहे, हे घरात जरूर सांगा. एनजीटीने, म्हणजे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या हरित न्यायाधिकरणाने, २०१५ मध्ये तसं म्हटलं होतं आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं होतं हेही सांगा, कोर्टाचं नाव घेतलं की वजन येतं. फक्त ते दिल्ली आणि आसपासच्या भागापुरतं, म्हणजे एनसीआरपुरतं होतं आणि इंदूर अजून एनसीआरमध्ये गेलेलं नाही, हे कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

मग येतो हिशोब. आत्या १२ चा ॲव्हरेज देते, नवी समजा १६ देईल. आमचं फिरणं वर्षाला ८ हजार किलोमीटर, म्हणजे साधारण १६७ लिटर डिझेल वाचणार, ९२ रुपयांनी झाले वर्षाचे पंधरा हजार तीनशे. बघा, वाचले की नाही! इथेच कागद घडी करून खिशात घालायचा. कारण पुढच्या ओळीत असं येतं की गाडी २० लाखांची, ५ आपले, १५ चं लोन, ९ टक्क्यांनी ७ वर्षं, हप्ता २४,१३४, व्याजाचेच सव्वापाच लाख, आणि डिझेलच्या बचतीतून २० लाख वसूल व्हायला १३१ वर्षं लागतात. एवढी वर्षं आत्या काढेल, मी नाही.

रिपेरिंगचा खर्च सांगतानाही असंच जपावं लागतं. गेल्या वर्षी तिच्यावर बॅटरी धरून २२ हजार गेले. हा आकडा असा सुटा सांगितलात तर बायको लगेच म्हणेल एका हप्त्यापेक्षा कमी झाले की. म्हणून तो कधी सुटा सांगायचा नाही, २०११ पासूनची सगळी बिलं, क्लचप्लेटा, टायरांचे सेट, पंक्चरसुद्धा, एकत्र करून एकदम सांगायचं की या गाडीने आपले तीन लाख खाल्ले. वाक्यात "खाल्ले" पाहिजे. आणि जीएसटीचं विसरू नका. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के आणि वर २२ टक्के सेस असे ५० व्हायचे, २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट ४० झाले, म्हणजे घेतली नाही तर नुकसानच आहे असं मी आईला पटवत होतो. आई म्हणाली, न घेतल्यावर किती टक्के लागतो?

नव्या गाडीत काय काय येतं ते तुम्हाला सेल्समन सांगेलच, तरी मनाची तयारी असू द्या. सनरूफ येतं. मे महिन्यात ४२ डिग्रीला डोक्यावरचं छप्पर उघडायची सोय आपल्या पूर्वजांना सुचली नाही, त्यांनी उलट जाड भिंतींचे वाडे बांधले, अडाणी होते. एसीची बटणं जाऊन स्क्रीन आलाय, आता गार वारा कमी करायला तीन वेळा बोट लावायचं आणि तेवढ्यात समोरचा ई-रिक्षावाला थांबला की देवाचं नाव घ्यायचं. त्यासाठी मग एडास दिलेलं आहे, म्हणजे ड्रायव्हरवर लक्ष ठेवून त्याला मदत करणारी यंत्रणा, त्यात गाडीने लेन सोडली की स्टिअरिंग थरथरतं. मी विचारलं, खजुरी बाजारात लेन धरली तर काय होतं? पोरगा ट्रेनिंगला नवीन होता, म्हणाला सर मॅनेजरला विचारून सांगतो.

डिझेलच घेणार असाल तर डीपीएफची गंमत समजून घ्या, ही शोरूममध्ये कुणी सांगत नाही. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम आला, तेव्हापासून सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ नावाचा एक फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि गाडी हायवेवर सलग पळून चांगली तापली की ती काजळी जाळून टाकतो. म्हणजे राजेंद्रनगरहून राजवाडा, राजवाड्याहून भाजी, भाजीहून घर असं वापरलंत तर फिल्टर तापतच नाही, तुंबतो, डॅशबोर्डावर दिवा लागतो, आणि मग रविवारी सकाळी त्याला तापवायला मानपूरपर्यंत फिरवून आणावं लागतं. लोक कुत्र्याला नेतात, तुम्ही फिल्टरला न्या. हवा त्याने साफ राहते हे खरं आहे, आत्याच्या मागे स्कूटर चालवून बघा म्हणजे कळेल, पण मी तुमच्या वेळेबद्दल बोलतोय. काही गाड्यांना वर ॲडब्लू लागतं, म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरिया, आणि ते पूर्ण संपलं तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. हे ऐकून आमचे धारचे काका, ज्यांची गव्हाची शेती आहे, खूप वेळ गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे आता युरियाच्या लायनीत तुम्हीपण येणार.

पिकअपचं काय म्हणता? पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तिथे देशभरातल्या गाड्या येऊन पळवून बघतात, घरापासून एवढा जवळ आहे की आपल्यालाही वेग लागतो असं वाटायला लागतं. मग महूनाक्याच्या सिग्नलला उभं राहून ते वाटणं शांत होऊ द्यावं.

एक कारण मात्र चुकूनही काढू नका. आत्यात एअरबॅग नाही. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. मागच्या त्या आडव्या सीटांना बेल्टच नाही, आणि गेली पंधरा वर्षं पोरं तिथेच बसत आली, कारण तिथे पत्ते खेळता येतात. नव्या गाड्यांत एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपमध्ये गाडी आपटून तिला स्टार देतात, ते स्टार शोधायला दोन मिनिटं लागत नाहीत. सहा-सात वर्षं आमच्या घरात रंगावर, सनरूफवर, साडूवर चर्चा झाली, यावर एकदाही नाही, माझ्याकडूनसुद्धा नाही. कारण हे काढलं तर वाद घालायला काही उरत नाही, त्याच आठवड्यात गाडी घ्यावी लागते, आणि शिवाय कुणीतरी विचारेल की मग बिजासन घाटात इतकी वर्षं काय विचार करून बसवत होतास त्यांना तिथे. म्हणून सनरूफवर बोला. सनरूफ सोपं आहे.

या फेब्रुवारीत आत्याची पंधरा वर्षं भरली, म्हणजे रजिस्ट्रेशन संपलं. मी मनात खूष होतो, आता आरटीओच तिला नको म्हणेल आणि आपले हात वर. नायता मुंडल्याच्या आरटीओत नेली, त्यांनी लाइट बघितले, ब्रेक बघितले, धूर बघितला, चेसिस नंबर घासून बघितला, काच कुणी खाली करून बघितली नाही. रिन्युअलची फी ५ हजार, आणि वर पुढची पाच वर्षं, थेट २०३१. मी तिथल्या माणसाला म्हटलं नीट बघा, जुनी आहे. तो म्हणाला, "अच्छी रखी है, अंकल."

तरी टेस्ट ड्राइव्ह आम्ही सोडत नाही. तुम्हीही सोडू नका, रविवार चांगला जातो. आम्ही सगळे जातो, आई, बायको, दोन्ही पोरं, भाऊ आणि वहिनी, आणि एवढ्या सगळ्यांना न्यायचं म्हणजे आत्याच काढावी लागते. आता शोरूमचा गार्ड तिला ओळखतो, सावलीतली जागा देतो. गेल्या रविवारी एक्स्चेंजवाला तिच्याभोवती फिरून एक लाख नव्वद म्हणाला, भाऊ म्हणाला यात तर तिचे नुसते दरवाजे येतील, मग कॉफी आली, बिस्किटं आली, पोरं स्क्रीनवर गाणी लावून बसली.

आई मात्र नव्या गाडीत मागे डाव्या बाजूला बसली होती आणि बटण दाबून काच खाली-वर, खाली-वर करून बघत होती. काच पूर्ण खाली गेली नाही, थोडी वर राहिली. तिने सेल्समनला बोलावून विचारलं की ही एवढीच उघडते का, नर्मदेत पैसे टाकायचे असतात. तो बिचारा हसला, पुढून हात घालून सनरूफ उघडलं आणि म्हणाला, "माताजी, यहाँ से डाल देना."

आई वर बघत राहिली. मग म्हणाली, "आणि वाऱ्याने परत आत आलं तर?"